पंप थांबला तर, आणि थांबलाच नाही तर: बागेतल्या माशांच्या तळ्याची सुरक्षा

संध्याकाळी मासे छान फिरत होते आणि सकाळी त्यातले सगळ्यात मोठे मेलेले सापडले. किंवा रात्री तळं काठोकाठ भरलेलं होतं आणि सकाळी तळाचं लायनर, म्हणजे पाणी जिरू नये म्हणून तळ्यात अंथरलेलं जाड आवरण, उघडं पडलं. बागेत मासे पाळणाऱ्यांच्या तोंडून या दोन तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. पहिल्या वेळी संशय जातो रोगावर किंवा विषावर, दुसऱ्या वेळी लायनरला पडलेल्या भोकावर. प्रत्यक्षात दोन्हींच्या मागे पुष्कळदा एकच यंत्र असतं, ते म्हणजे पंप. पहिल्या प्रकारात तो रात्री कधीतरी बंद पडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात तो रात्रभर इमानाने चालू असतो, आणि घात नेमका त्यामुळेच होतो.

म्हणून तळं असलेल्या प्रत्येकाने स्वतःला दोन प्रश्न विचारायला हवेत. पंप थांबला तर काय होईल? आणि पाणी भलतीकडे जात असताना पंप थांबलाच नाही तर काय होईल? पहिल्याची तजवीज थोडेफार लोक करतात. दुसरा प्रश्न बहुतेकांच्या मनातच येत नाही. शिवाय एकाची सोय केली की दुसरा धोका वाढू शकतो, त्यामुळे दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

पाण्यात हवा किती असते?

एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, ते २० अंश सेल्सिअसला असेल तर, जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे हवेच्या तुलनेत तिसावा हिस्सा. या विरघळलेल्या वायूला विद्राव्य ऑक्सिजन म्हणतात, आणि मासा श्वास घेतो तो एवढ्यावरच.

पाणी तापलं की हा साठा आणखी घटतो. १० अंशांना पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम मावतात, ३० अंशांना जेमतेम साडेसात. माशाचं शरीर पाण्याच्याच तापमानावर चालतं, त्यामुळे उष्ण पाण्यात त्याची गरज मात्र वाढते. पुरवठा कमी आणि मागणी जास्त, असं दोन्हीकडून आवळलं जातं. उन्हाळ्यातल्या उकाड्याच्या रात्री मासे जास्त दगावतात त्याचं कारण हेच.

ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. पाणी अगदी स्थिर असेल तर वरचा पातळ थर ऑक्सिजनने भरतो, पण तो खाली उतरायला फार वेळ लागतो. पंप हे काम करतो: खालचं पाणी वर आणतो, धबधब्यावरून किंवा कारंज्यातून हवेत उधळतो आणि परत खाली पाठवतो. कारंजं बघायला सुंदर असतं म्हणून आपण त्याला सजावट समजतो, पण माशांच्या दृष्टीने ते श्वासाचं साधन आहे. रात्री कोणी बघायला नसतं म्हणून टायमर लावून कारंजं बंद करणं ही सवय मला घातक वाटते. ज्या वेळी त्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी ते बंद केलं जातं.

"पण आमच्या तळ्यात भरपूर वनस्पती आहेत"

वनस्पती आणि शेवाळं दिवसा उजेडात ऑक्सिजन तयार करतात, हे खरं आहे. रात्री मात्र ती फक्त श्वास घेतात, म्हणजे ऑक्सिजन वापरतात. अंधार पडल्यापासून पाण्यातला ऑक्सिजन हळूहळू उतरत जातो आणि सूर्य उगवण्याच्या थोडं आधी सर्वांत कमी होतो. हिरवंगार पाणी असलेल्या तळ्यात ही घसरण आणखी तीव्र असते. दुपारी मोजलेला ऑक्सिजन चांगला निघाला म्हणून निश्चिंत राहता येत नाही. मोजायचाच तर पहाटे मोजावा.

पंप थांबल्यावर हातात किती वेळ असतो?

हे गणित ढोबळ आहे, पण एकदा करून बघण्यासारखं आहे. समजा तळ्यात ५००० लिटर पाणी आहे आणि लिटरमागे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे. एकूण साठा झाला ४० ग्रॅम. कोई आणि गोल्डफिश हे कार्पच्या कुळातले मासे. ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की त्यांना त्रास सुरू होतो आणि ३ च्या आसपास जीव धोक्यात येतो. म्हणजे ८ पासून ३ पर्यंतचे २५ ग्रॅमच खरे हाताशी आहेत.

आता तळ्यात एकूण १५ किलो मासे आहेत असं धरू. कोमट पाण्यात ते किलोमागे तासाला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतात, म्हणजे सगळे मिळून ३ ते साडेचार ग्रॅम. गाळातले जिवाणू आणि शेवाळंही तेवढाच घेतात असं मानलं तर तासाला ६ ते ९ ग्रॅम खर्च होतो. तीन-चार तासांत साठा संपला. पृष्ठभागातून थोडा ऑक्सिजन येत राहतो, त्यामुळे थोडा वेळ वाढतो. पण पंप दुपारी थांबण्याऐवजी रात्री दोनला थांबला तर सुरुवातच ८ ऐवजी ५-६ पासून होते, आणि मग हातात एखाद-दुसरा तासच उरतो.

याच तळ्यात ३ किलो मासे असतील तर बहुधा रात्र निभावून जाते. त्यामुळे "आमचे मासे थोडेच आहेत" हे म्हणणं अगदीच चुकीचं नाही. फक्त मासे वाढतात हे लक्षात असू द्या. बोटभर लांबीचे आणलेले कोई काही वर्षांत किलो-दीड किलोचे होतात, आणि तळं तेवढंच राहतं.

ऑक्सिजन कमी पडल्याची खूण ओळखायला सोपी आहे. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, किंवा पाणी पडतं त्या जागी गर्दी करतात. मोठ्या माशांना हा त्रास आधी होतो. सकाळी फक्त मोठे मासे मेलेले असतील आणि लहान तग धरून असतील, तर आधी ऑक्सिजनचा विचार करावा, औषधांचा नंतर.

मासे वाचले तरी फिल्टर राहतोच

माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो आणि तो त्यांनाच विषारी असतो. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि जाळ्यांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या कामासाठी त्यांना वाहतं, ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. पंप थांबला की फिल्टरमध्ये अडकलेलं पाणी काही तासांत ऑक्सिजनविना सडू लागतं आणि जिवाणू मरायला लागतात.

म्हणून बऱ्याच तासांनी वीज आली की लगेच पंप सुरू करून ते घाण पाणी तळ्यात सोडू नये. आधी फिल्टर रिकामा करावा, तळ्याच्याच पाण्याने हलकेच खळबळावा आणि मग चालू करावा. नळाच्या पाण्याने धुतला तर त्यातलं क्लोरीन उरलेसुरले जिवाणूही मारतं. पुढचे काही दिवस खाद्य अगदी कमी द्यावं आणि अमोनिया व नायट्राइट तपासत राहावं.

आता दुसरा प्रश्न: पंप थांबलाच नाही तर?

बहुतेक तळ्यांत पंप तळाशी ठेवलेला असतो, कारण गाळ तिथे साचतो. तो पाणी ओढून बाहेरच्या फिल्टरला किंवा धबधब्याला देतो आणि तिथून ते परत तळ्यात येतं. हे परत येणं आपण गृहीत धरलेलं असतं. पाइप क्लिपमधून निसटला, फिल्टरचा स्पंज तुंबून पाणी झाकणावरून वाहू लागलं, किंवा धबधब्याच्या वाटेत पानं अडकून पाणी लायनरच्या कडेवरून बाजूच्या मातीत जाऊ लागलं, तर पंपाला त्याचा पत्ताच नसतो. तो ओढत राहतो.

पेल्यात नळी तळाला टेकवून प्यायलं तर पेला रिकामा होतो. तीच नळी दोन बोटं वर धरली तर तेवढं पाणी उरतंच, कितीही जोर लावला तरी. पंपाचंही तसंच आहे: त्याचं तोंड ज्या उंचीवर आहे त्याच्या वरचं सगळं पाणी तो बाहेर टाकू शकतो, खालचं नाही. ताशी ४००० लिटरचा पंप ५००० लिटरचं तळं सव्वा तासात उपसतो. चौथा हिस्सा पाणीच बाहेर सांडत असेल तर पाच तास लागतील, पण तेही आपण झोपेत असतानाच संपतात.

म्हणून माझा पहिला आग्रह कुठल्याही उपकरणाचा नाही, उंचीचा आहे. पंप तळावरून उचलून भक्कम आधारावर ठेवा. तळं मीटरभर खोल असेल तर पंपाचं तोंड तळापासून निदान ३०-४० सेंटिमीटर वर असावं. मग काहीही बिघडलं तरी मासे उरलेल्या पाण्यात जिवंत राहतील. यासाठी वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही आणि यात बिघडण्यासारखं काही नाही.

यावर हमखास येणारी हरकत म्हणजे "मग तळाचा गाळ कसा निघणार?" तो जाळीने किंवा गाळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमने वेगळा काढावा लागेल, हे मान्य आहे. ते जास्तीचं काम आहे आणि माझ्या मते ते करण्यासारखं आहे. नवं तळं बांधत असाल तर पंप तळ्यात ठेवूच नका, काठावरच्या स्किमरमध्ये ठेवा. स्किमर म्हणजे पृष्ठभागावरची पानं गोळा करणारा कप्पा. त्याच्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंतच पाणी उतरू शकतं. पुढे पंप कोरडा पडतो, तळं मात्र जवळपास भरलेलंच राहतं.

पंप बंद असतानाही पाणी जातं ते कसं?

हा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त चक्रावतो. पाण्याने पूर्ण भरलेल्या नळीचं एक टोक वरच्या पाण्यात आणि दुसरं खालच्या पातळीवर असेल, तर मधली नळी काठावरून थोडी उंच गेली असली तरी पाणी आपोआप खाली वाहत राहतं. याला सायफन म्हणतात. वरच्या टाकीत किंवा छोट्या वरच्या तळ्यात पाइपचं तोंड पाण्याखाली बुडालेलं असेल आणि पंप थांबला, तर ते पाणी पाइपमधून उलटं, पंपातून खालच्या तळ्यात येतं. खालचं तळं आधीच भरलेलं असेल तर ते काठावरून बाहेर वाहून जातं. वीज आल्यावर पंप वरची टाकी पुन्हा भरतो आणि खालच्या तळ्यात तेवढं पाणी कमी दिसतं. मग गळती शोधण्यात दिवस जातात, आणि गळती कुठेच नसते.

उपाय सोपा आहे. पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. ते शक्य नसेल तर वरच्या टाकीत, नेहमीच्या पातळीच्या किंचित खाली, पाइपला एक छोटं छिद्र पाडा. पाणी छिद्रापर्यंत उतरलं की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारी झडप, हाही पर्याय आहे, पण तळ्याच्या पाण्यात शेवाळाचे तंतू असतातच आणि एखादा अडकला तर झडप पूर्ण मिटत नाही. एकट्या तिच्यावर विसंबू नये.

फ्लोट स्विच लावला की काम झालं का?

फ्लोट स्विच म्हणजे पाण्यावर तरंगणारं बटण. पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की तो पंप बंद करतो. पाणी वाचतं आणि पंपही वाचतो, कारण पाण्यात बुडवायच्या पंपाला भोवतालचं पाणीच थंड ठेवतं आणि कोरडा चालला तर तो जळतो. हा स्विच जरूर लावावा.

पण तो चालला की आपण पुन्हा पहिल्या प्रश्नाशी येतो. पंप थांबला, म्हणजे ऑक्सिजन थांबला, आणि तोही अर्ध्या झालेल्या पाण्यात. मासे तेवढेच आहेत, साठा मात्र निम्म्यावर आलाय. म्हणून पाणी हलवणं आणि हवा पुरवणं ही दोन कामं एकाच पंपावर सोपवू नयेत, असं मी आग्रहाने सांगते. हवेसाठी वेगळा एअर पंप हवा. तो नळीतून हवा खाली ढकलतो आणि एअर स्टोनमधून, म्हणजे नळीच्या टोकाच्या सच्छिद्र दगडातून, बुडबुडे निघतात. बुडबुडे वर जाताना खालचं पाणीही सोबत उचलतात, आणि खरा फायदा त्या घुसळण्याचा असतो. तळ्याची पातळी कितीही खाली आली तरी, एअर स्टोन पाण्यात आहे तोवर, हे काम चालू राहतं.

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा त्याच्या नळीत छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. नाहीतर वीज गेल्यावर सायफनने पाणी पंपातच शिरतं. इथे नळीतून हवाच जाते, त्यामुळे झडप तुंबण्याची भीती कमी.

बॅटरी कशासाठी ठेवायची?

बॅटरीवर मोठा पंप चालवायचा विचार बहुतेक जण करतात आणि तो महागात पडतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १२०० वॉट-अवर ऊर्जा असते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. इन्व्हर्टरमध्येही थोडी ऊर्जा वाया जाते. म्हणजे हाती लागतात सुमारे ५०० वॉट-अवर. १५० वॉटचा पाण्याचा पंप त्यावर तीन तासांच्या थोडा वर चालेल. ३० वॉटचा एअर पंप सोळा तास चालेल, म्हणजे पूर्ण रात्र काढून वर दुपारपर्यंत. वीज गेल्यावर धबधबा दिसला नाही तर कोणाचं बिघडत नाही, हवा मात्र लागतेच.

जवळ काहीच नसेल तर बादलीने पाणी काढून उंचावरून परत ओतत राहा. दमवणारं काम आहे, पण उपयोगी आहे. खाद्य ताबडतोब बंद करा, कारण खाल्ल्यावर माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. न खाता ते दिवसच काय, आठवडाही सहज काढतात.

"आमच्याकडे वीज जातच नाही"

पंप थांबायला वीज जावीच लागते असं नाही. आतल्या फिरत्या पंख्यात, म्हणजे इम्पेलरमध्ये, काडी किंवा शेवाळ अडकतं. क्षारांचा थर बसतो. उंदीर वायर कुरतडतात. कोणीतरी दुसऱ्या कामासाठी प्लग काढतं आणि परत लावायला विसरतं. पंपाचं सील गेलं तर आरसीसीबी पडतो. वीज जमिनीत झिरपताना दिसली की प्रवाह तोडणारं हे सुरक्षा उपकरण आहे आणि तळ्यासाठी ३० मिलिअँपिअरचं असायलाच हवं. ते वारंवार पडत असेल तर ते बदलून किंवा वगळून पंप चालवू नका. पंपच बाहेर काढा, कारण अशा पाण्यात हात घालणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढायचे, यात कधीच सूट नको.

आरसीसीबी एकच असेल तर तो पडल्यावर एअर पंपही बंद होतो. म्हणून दोन्ही पंप वेगवेगळ्या सर्किटवर असावेत. एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंप ठेवले तर आणखी चांगलं.

पाणी उडतंय की गळतंय?

एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उतरलं म्हणजे एक लिटर गेलं. कोरड्या, वाऱ्याच्या, उन्हाच्या दिवसांत रोज ५ ते १० मिलिमीटर पाणी बाष्प होऊन जाऊ शकतं. १० चौरस मीटरच्या तळ्यातून ५० ते १०० लिटर. धबधबा असेल तर आणखी. त्यामुळे पातळी थोडी उतरली म्हणजे गळतीच आहे असं नाही, आणि "उन्हाने उडत असेल" म्हणून रोज भरत राहणंही बरोबर नाही.

निवाडा बादलीने करता येतो. बादलीत पाणी भरून ती तळ्यातल्या पायरीवर किंवा विटांवर अशी ठेवा की आतली आणि बाहेरची पातळी सारखी असेल. चोवीस तासांनी दोन्ही पातळ्या बघा. बादलीतलं पाणी फक्त उडून कमी होतं. तळं त्याहून जास्त उतरलं असेल तर जास्तीचं पाणी गळतंय किंवा बाहेर सांडतंय.

मग पंप बंद ठेवून पुन्हा बघा, एअर पंप मात्र चालू असू द्या. पंप बंद असताना उतार थांबला तर दोष पाइप, फिल्टर किंवा धबधब्यात आहे. चालूच राहिला तर लायनरमध्ये, आणि पातळी जिथे येऊन थांबते त्याच उंचीवर भोक शोधायचं. भोक शोधण्याआधी काठ मात्र नीट तपासा. लायनरच्या कडेवर माती चढली असेल, शेवाळ किंवा वनस्पतींची मुळं पाण्यातून बाहेरच्या मातीपर्यंत पोचली असतील, तर ती वातीसारखी पाणी शोषून बाहेर नेतात. कड उचलून उभी केली की गळती संपते.

आपोआप भरणारा नळ बसवावा का?

पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारा फ्लोट व्हॉल्व्ह सोयीचा वाटतो, पण तो गळती झाकतो. तळं भरलेलं दिसतं आणि महिनोन् महिने पाणी जमिनीत जात राहतं. त्याहून वाईट म्हणजे मोठी गळती झाली तर तो रातोरात क्लोरीनचं पाणी तळ्यात भरतो. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजून काढतं. पाणी उघड्यावर ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं, पण काही ठिकाणी त्याऐवजी वापरतात ते क्लोरामाइन तसं जात नाही. त्यासाठी क्लोरामाइनवरही चालेल असं लिहिलेलं औषधच लागतं. नळ बसवायचाच असेल तर बारीक धारेचा बसवा आणि त्याला मीटर लावा. आकडा नेहमीपेक्षा वेगाने पळू लागला की काठ आणि पाइप तपासायचे.

आपलं तळं तपासून बघा

दोन्ही प्रश्नांची उत्तरं घरच्या घरी मिळतात. भर दुपारी, पाण्यात ऑक्सिजन चांगला असताना, मुख्य पंपाचा प्लग काढा आणि पंधरा मिनिटं उभं राहून बघा. कुठली पातळी चढते, कुठली उतरते, काठावरून पाणी जातं का, एअर पंप चालू राहतो का. दुसरी चाचणी पाणी बदलायच्या दिवशी करा. फिल्टरकडे जाणारा पाइप काढून तो बागेत सोडा आणि पंप चालू ठेवा. पातळी कुठे येऊन थांबते, फ्लोट स्विच खरंच तोडतो का, हे बघा. या वेळी तिथून हलू नका, हात प्लगजवळ असू द्या, आणि तळं एक तृतीयांश उतरूनही पंप थांबला नाही तर तुम्ही स्वतः थांबवा. मग फ्लोट स्विच किंवा पंप आणखी वर उचलायचा, क्लोरीन काढलेलं पाणी हळूहळू भरायचं आणि पुढच्या वेळी पाणी बदलताना हीच चाचणी पुन्हा करायची.